वाटाणे सरांची वळणारी जीभ

प्राध्यापक चन्नवीर हत्तुरे सोलापुरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पण ‘हत्तुरे सर कुठं भेटतील?’ असं विचारलं तर कॉलेजचा शिपाईसुद्धा डोकं खाजवायचा. ‘वाटाणे सर’ म्हटलं की मात्र थेट प्रयोगशाळेच्या दारात नेऊन सोडायचा. मेंडेलच्या वाटाण्यांवाचून सरांचा एक तास जायचा नाही. उंच रोप, बुटकं रोप, हिरवा दाणा, पिवळा दाणा! त्यांच्या वर्गातली पोरं घरी वाटाण्याची उसळ ताटात पडली तरी त्यातले सुरकुतलेले दाणे वेगळे काढून बसायची आणि आईच्या शिव्या खायची.

अनुवंश हा सरांचा विषय नव्हता, धर्म होता. कुणी नवा माणूस भेटला की हे आधी त्याच्या कानाची पाळी बघणार. पाळी सुटी की चिकटलेली? मग हनुवटी, मग भुवया. एवढी तपासणी झाल्यावर नाव, गाव, चहा. नव्या पेठेत मणी-मोत्यांचं दुकान असलेल्या राजेसाबकडून त्यांनी एकदा चार रंगांचे मणी आणि तार नेली, डीएनएचा दोन पदरी पीळ करायला. राजेसाब म्हणाला, “प्रोफेसरसाब, इत्ते मणी? घर में शादी है क्या?” तर सर म्हणाले, “राजेसाब, हा हार नव्हे. तुमचे बाप, आजे, पणजे सगळे या पिळात बसलेत.” राजेसाबनं कानाला हात लावला आणि पुढच्या खेपेपासून सरांना बघितलं की नोकराला पुढं करायला लागला.

स्वतःच्या घराण्याबद्दल तर सर फारच हळवे. वडील वीरभद्रप्पा रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते, आधी केमला आणि मग बदली होऊन सोलापूरला. त्यांचा फोटो बैठकीत, रोज ताजा हार. सर वर्गात चिडले, खडू फेकला, की पुढच्या क्षणाला म्हणायचे, “हा माझा राग नव्हे, वीरभद्रप्पांचा आहे. रक्तातून आलाय.” जबाबदारी अशी एक पिढी मागं ढकलून मोकळे! फोटोतल्या वीरभद्रप्पांचं नाक पोपटाच्या चोचीसारखं आणि सरांचं चांगलं बसकं. पण सर म्हणत, “आकारावर जाऊ नका. श्वास घ्यायची ढब बघा, तंतोतंत तीच.” फोटोतला माणूस श्वास कसा घेतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि दरवर्षी जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात जिभेचा तास व्हायचा. सर आत यायचे, हजेरी न घेता म्हणायचे, “काढा जिभा बाहेर!” पोरंपोरी लाजत, खिदळत जिभा काढायची. “आता दोन्ही कडा वर वळवा, पन्हळीसारख्या. जमतंय? ज्यांची वळते त्यांनी हात वर करा.” एकदा प्राचार्य व्हरांड्यातून जात होते, त्यांनी अख्खा वर्ग जीभ काढून बसलेला बघितला आणि त्या दिवसापासून ते पलीकडच्या जिन्यानं जायला लागले.

मग सर स्वतःची जीभ काढायचे. अशी सुरेख पन्हळ व्हायची की पाणी ओतलं तर सरळ घशात जावं. “पुस्तक सांगतं, वळणारी जीभ हा प्रभावी गुण. आईबाप दोघांचीही वळत नसेल तर पोराची वळायची नाही.” पुढं म्हणे शास्त्रज्ञांनी हेही इतकं सोपं नाही म्हणून सांगितलं, पण सरांच्या पुस्तकात तसंच होतं आणि सरांच्या मनातही. “आता बघा हं. माझ्या वडिलांची वळत नव्हती. आईची वळत नव्हती. थोरल्या बहिणीची वळत नाही. आणि माझी ही अशी! मग ही आली कुठून?”

गेल्या वर्षीची नापास झालेली पोरं उत्तर पाठ करून बसलेली असायची. “म्युटेशन, सर!”

“शाब्बास! म्युटेशन. जुन्या पोथीची नक्कल करताना एखादं अक्षर बदलतं, आणि घराण्यात नवा गुण उगवतो. तुमच्यासमोर उभा आहे तो म्युटंट आहे!” असं म्हणून सर छाती काढायचे. मागच्या बाकावरचं एखादं टारगट पोर गालातल्या गालात हसायचं. सरांना वाटायचं, पोराला शास्त्राचा आनंद झालाय.

अशा माणसाच्या घरात लग्नाचा विषय निघाला आणि सगळं बिघडलं.

सरांची थोरली बहीण सुंदरम्मा बाळीवेशीत राहायची. सर तिला अक्का म्हणत, ती सरांना तम्मा म्हणायची. ते कॉलेजात असतानाच वीरभद्रप्पा वारले, तेव्हा सुंदरम्मा मिलच्या रीळ खात्यात उभी राहिली आणि तिनं भावाला बी. एस्सी. केलं. स्वतःला सही करायची तर अंगठा पुढं करणारी ही बाई, पण ‘माझा तम्मा शास्त्र शिकवतो’ हे सांगताना तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. नवरा लवकर गेला. पोटी एकच मुलगा, बसलिंग. तो शिकून श्रीपूरच्या साखर कारखान्यात केमिस्ट झाला होता. सरांची मुलगी रुद्राणी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. बसलिंग सुटीत आला की रुद्राणीला एकदम आत्याची आठवण यायची, आणि ती बाळीवेशीत गेली की संध्याकाळ होईस्तोवर परतायची नाही. हे सगळ्यांना दिसत होतं. सरांनाही दिसत होतं, पण ते त्यांना वेगळ्याच दृष्टीनं दिसत होतं.

आमच्या भागातली रीत तुम्हाला सांगायला नको. बहिणीनं भावाची मुलगी मागायची आणि भावानं ती द्यायची, हा बहिणीचा हक्कच. काही घरांत तर मामाच भाचीशी लग्न करतो. घरचं सोनं घरातच राहतं, सून म्हणजे लेक आणि सासू म्हणजे आत्या, भांडण झालं तरी माहेरातलं! चौऱ्याहत्तर सालच्या भाऊबीजेला सर सहकुटुंब अक्काकडे गेले, पाटावर बसले, अक्कानं ओवाळलं. सरांनी ताटात घालायला लुगडं पुढं केलं तर अक्कानं त्यांचा हात धरला.

“यंदा लुगडं नको, तम्मा.”

“मग काय हवं?”

“तुझी रुद्राणी घाल की ताटात. माझ्या बसलिंगाला.”

सरांची बायको नीलम्मा आधीच पदर सावरून हसत उभी होती, म्हणजे बायकांचं ठरलेलं होतं. बसलिंग दारातली रांगोळी पहिल्यांदाच बघितल्यासारखा निरखायला लागला. स्वयंपाकघरात रुद्राणीच्या हातून उलथनं पडलं. सगळे आता सर ‘घातली’ म्हणतील म्हणून थांबले.

सर म्हणाले, “थांबा.” आणि त्यांनी फराळाच्या डब्याखालून गुंडाळलेला मोठा ड्रॉइंग पेपर काढला! त्यांना कुणकुण होतीच. त्यांनी तो कागद पाटापुढं पसरला, एका कोपऱ्यावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर लाडवाचं ताट. भाऊबीजेला बहिणीच्या घरी वंशवृक्ष पसरणारा भाऊ अख्ख्या सोलापुरात हाच.

“अक्का, हे आपलं घराणं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. जिथं नात्यातच लग्न झालंय तिथं दुहेरी रेघ. दत्तक असेल तर तुटक रेघ, तशी आपल्यात कुठं नाही. आणि हे दोन काळे चौकोन बघितलेस? एक आपल्या अप्पांचे चुलते, दुसरा त्यांच्याच भावकीतला. दोघंही जन्मापासून मुकेबहिरे. दोघंही मामा-भाचीच्या लग्नातले.”

“देवाची मर्जी,” अक्का म्हणाली.

“देवाची नव्हे, अक्का. हा दोष घरात लपून बसतो. एकाच बाजूनं आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला पत्ता नसतो. दोन्ही बाजूंनी आला की मूल मुकं होतं. आता तो दोष अप्पांत असेल, तर तुझ्यात असू शकतो आणि माझ्यातही असू शकतो. तुझा बसलिंगात गेला आणि माझा रुद्राणीत गेला, तर त्यांच्या पोटी काय येईल?” सरांचा आवाज वर्गातला झाला. “मी दरवर्षी पोरांना हेच सांगतो, नात्यात लग्न करू नका, आणि स्वतःच करू? तुझं-माझं रक्त एक आहे अक्का, म्हणून मी माझी पोर तुझ्या घरी देऊ शकत नाही.”

नीलम्माच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. अक्का कागदाकडे बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, “काय म्हणालास?”

“देऊ शकत नाही.”

“ते न्हवं. त्याच्या आधी.”

“तुझं-माझं रक्त एक आहे. सख्ख्या भावंडांत निम्मी जनुकं सारखी असतात. शास्त्रच आहे ते.”

अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, लुगडं उचलून डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, “मग नको. शास्त्र तसं म्हणत असंल तर ऱ्हाऊ दे. पोरांना मी समजावते.” एवढी भांडकुदळ बाई, रेशनच्या रांगेत भल्याभल्यांना मागं सारणारी, एका वाक्यात गप्प झाली. बसलिंग पायात चपला न घालताच बाहेर गेला. सर घरी येताना नीलम्माला म्हणाले, “बघितलंस? अंगठेबहाद्दर बाई, पण नीट समजावून सांगितलं की पटतं.” पुढच्या आठवड्यात बाळीवेशीतल्या बायका सरांना भेटल्या की म्हणायला लागल्या, “अक्का सांगत होती, तुमचं-तिचं रक्त एकच हाय म्हणून.” सरांना वाटलं, विज्ञानाचा प्रसार होतोय.

घरात मात्र प्रसार झाला नाही. रुद्राणीनं बापाशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण भाकरी ताटात टाकल्याचा आवाज यायचा. बसलिंगनं श्रीपूरहून यायचं बंद केलं, गळिताचा हंगाम आहे, सुटी नाही, असं आईला कळवलं. नीलम्मा रोज एक सुस्कारा सोडायची, तोही सर चहा पीत असतानाच. शेवटी सरच एका रविवारी पोरीला म्हणाले, “तुला शास्त्र कळतं ना? मग आजीबाईसारखी का रुसतेस?”

“शास्त्र कळतं म्हणूनच,” रुद्राणी म्हणाली. “बाबा, तुम्हीच शिकवलंत की ऐकीव माहितीवर वंशवृक्ष काढायचा नाही. जिवंत माणसाला जाऊन विचारायचं. तुमच्या तक्त्यात आजोबांच्या पिढीतलं एकच माणूस जिवंत आहे, केमची काशम्मा आजी. तिला विचारलंत?”

“नाही, पण...”

“मग तक्ता नापास.”

ती दारातून निघून गेली आणि सर खुर्चीत तसेच बसले. आयुष्यात त्यांना नापास कुणी म्हटलं नव्हतं. वीरभद्रप्पांचा राग रक्तातून वर आला, पण पोरीचं म्हणणं खोडायला जागा नव्हती. पुढच्याच रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं सर तक्ता काखोटीला मारून केमला गेले.

काशम्मा ही वीरभद्रप्पांची धाकटी बहीण, सरांची आत्या. ऐंशीला टेकलेली. तिच्या सासरी कुंकवाचा घरचा धंदा, त्यामुळं घर सगळं लालेलाल. उंबरा लाल, जातं लाल, म्हातारीच्या हातांच्या रेषा लाल, आणि पायात घोटाळणारं मांजरही मूळचं पांढरं असावं अशी शंका येण्याइतपत लाल. सरांना बघून म्हातारीला भरतं आलं. चहा झाला, भाकरी झाली. मग सरांनी तक्ता उलगडला आणि विचारायला सुरुवात केली. आपल्यात मुकेबहिरे कोण कोण होते?

“लई हुते की,” काशम्मा म्हणाली. “माज्या चुलतभावाचा रेवणसिद्ध. त्याची भन गुरव्वा, ती बारकी असतानाच गेली. आन् मंगरुळच्या आत्याचा एक, त्याचं नाव काय बरं...”

सर पेन्सिलीनं चौकोन-गोल काळे करत सुटले. मुके वाढत चालले तसे सर खुलत चालले. दुहेरी रेघांखाली बरोबर काळे ठिपके! पुस्तकात छापावा असा तक्ता. “बघ आत्या,” सर उत्साहानं म्हणाले, “म्हणून मी रुद्राणीला अक्काच्या घरी देत नाही. दोष दोन्हीकडून यायचा. बसलिंगला अक्काकडून आणि रुद्राणीला माझ्याकडून.”

म्हातारी हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. “तुज्याकडनं कसा येईल रं खुळ्या? तुला तर वीरभद्रानं हितल्या टेशनातनं उचलून आनला.”

सरांची पेन्सिल थांबली.

म्हातारीचंही हसू थांबलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुला ठावं न्हाय व्हय? सुंदरीनं सांगितलं न्हाय? आगं बया! माजी जीभ झडली. मला वाटलं एवढा शिकलास, आरशात त्वांड तर बघत असशील.”

मग तिनं सांगितलं ते साधंच होतं. महामारीचं वर्ष. गाडीतून एक भरल्या दिवसांची बाई केमला उतरवून दिली, उलट्यांनी बेजार झालेली. स्टेशनाशेजारच्या धर्मशाळेत बाळंत झाली आणि गेली. वीरभद्रप्पांच्या घरात त्याच आठवड्यात झालेलं लेकरू दगावलं होतं, बायकोचं ऊर दुधानं ठणकत होतं. वीरभद्रप्पांनी ते पोर धडप्यात गुंडाळून घरी आणलं आणि बायकोच्या मांडीवर दिलं. पुढं बदली मागून सोलापूर गाठलं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. “सुंदरी आठेक वर्साची हुती. बापानं तिला शपथ घातली, पोराला कंदी कळू द्यायचं न्हाय. तवापास्नं ती त्वांड मिटून हाय. तुला कडेवरनं खाली ठिवत नव्हती. मी म्हनायची, आगं तुज्यापेक्षा त्योच जड हाय, तर म्हनायची, माजा भाऊ हाय, मला जड हुत न्हाय.”

“कोण होती ती बाई?”

“कुनाला ठावं? कुटली, कुनाची, कुनी इचारायच्या आत गेली.”

मग सरांनी जे विचारलं ते ऐकून हसावं की रडावं! पण त्या क्षणी त्यांच्याजवळ विचारायला दुसरं काही नव्हतं. “आत्या, तिची जीभ वळत होती का?”

“मरनाऱ्या बाईची जीभ कोन बघतंय रं?” काशम्मा म्हणाली आणि लाल हात त्यांच्या तोंडावरून मायेनं फिरवला.

परतीच्या गाडीला अवकाश होता. केमच्या फलाटावरच्या बाकावर सर तक्ता मांडीवर घेऊन बसले. गालाला कुंकू लागलेलं, त्याचंही भान नव्हतं. जिभेचं कोडं म्हणे म्युटेशन! वर्षानुवर्षं शेकडो पोरांपुढं ते स्वतःची जीभ बाहेर काढून ‘मी या घरातला नाही’ असं ओरडून सांगत आले होते आणि वर शाब्बास म्हणत होते. नाक सांगत होतं, जीभ सांगत होती. प्रत्येक माणसाच्या कानाची पाळी तपासणाऱ्या या गृहस्थानं स्वतःचं तोंड तेवढं तपासलं नव्हतं. सरांना स्वतःचं हसू आलं. मग अक्का आठवली आणि हसू गेलं.

ती पाटापुढं बसली होती. कागदावर त्यांच्या चौकोनाला जोडणारी सरळ काळी रेघ होती. तिच्या पोराचं सुख त्या एका रेघेवर अडलं होतं, आणि तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ‘तम्मा, तू आमच्या रक्ताचा नव्हेस.’ एक वाक्य. सगळा तक्ता कोसळला असता, शास्त्र तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं, सून घरात आली असती. ते वाक्य तिनं गिळलं. उलट ‘काय म्हणालास? त्याच्या आधी?’ असं विचारून, तेच पुन्हा ऐकून ती रडली. आणि हे शहाणे म्हणत होते, अंगठेबहाद्दर बाईला समजावून सांगितलं की पटतं! फलाटावर माणसं होती, तरी सर ढसाढसा रडले. एका हमालानं येऊन विचारलं, कुणी गेलं का? सर नाही नाही म्हणत मान हलवत राहिले.

गाडीत त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पोरीचं लग्न बसलिंगशीच करायचं. शास्त्राप्रमाणं त्यात आता तिळमात्र धोका नव्हता, रुद्राणीत वीरभद्रप्पांच्या रक्ताचा थेंबही नव्हता. आणि दुसरी गोष्ट, अक्काला काही कळू द्यायचं नाही. तिनं एवढी वर्षं जे राखलं ते आपण एका दुपारी मोडायचं नाही.

पण मग सांगायचं काय? नकार शास्त्राच्या नावानं दिला होता. होकारही शास्त्राच्याच नावानं द्यायला हवा.

स्टेशनावरून सर आधी कॉलेजात गेले, रविवारी बंद असलेली प्रयोगशाळा शिपायाकडून उघडून घेतली आणि मण्यांचा तो पीळ घेऊन बाळीवेशीत पोचले. अक्का तांदूळ निवडत बसली होती. सर समोर बसले आणि म्हणाले, “अक्का, माझं चुकलं. रुद्राणी तुझी.”

अक्काचा हात सुपातच थांबला. “आन् शास्त्र?”

“शास्त्र पुढं गेलंय.”

“एवढ्यात?”

“अमेरिकेत,” सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते शास्त्राच्या नावानं धडधडीत थाप मारत होते, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. “हा पीळ बघितलास? आपल्या अंगात कणाकणात असा असतो. आता असा शोध लागलाय की यात काही बिघाड असला तर त्याची आपोआप दुरुस्ती होते. सख्ख्या भावाबहिणीच्या मुलांत तर हमखास होते. त्यांचं रक्त एकमेकांना ओळखतं ना, म्हणून.” त्यांच्या वर्गातल्या पोरानं हे उत्तर लिहिलं असतं तर सरांनी पेपर फाडला असता.

अक्कानं पीळ हातात घेतला, मणी बोटांनी चाचपले. “म्हंजे रक्त एकच हाय. पर आता चालतंय.”

“एकच आहे. चालतंय.”

मग अक्का मणी चाचपतच म्हणाली, “केमला गेलतास म्हणं.”

“हो.”

“काशम्मा आत्या काय म्हणाली?”

“म्हणाली, सुंदरी तुला कडेवर घेऊन हिंडायची. खाली ठेवायची नाही.”

“आनखी?”

“आणखी काही नाही.”

अक्कानं त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग पदराचं टोक ओलं करून त्यांच्या गालावरचं कुंकू पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं दाबून, खसाखसा. “खरं बोलली म्हातारी,” ती म्हणाली. “लई जड हुतास.” त्यापुढं त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. तिला काय कळलं, किती कळलं, ते तिचं तिला ठाऊक.

रुद्राणीनं घरी तक्ता मागितला. सर म्हणाले, “पूर्ण झाला. पण कुंकवात पडून खराब झाला.” ती म्हणाली, “आणि ते काळे चौकोन?” सर म्हणाले, “तुझ्या वाटेला येत नाहीत. बापावर विश्वास ठेव.” पोरगी एकटक बघत राहिली, पण लग्न हवं होतं, तिनं तपासणी तिथंच सोडली. त्या रात्री भाकरीचा आवाज आला नाही. हंगाम संपल्यावर बसलिंगला रजा मिळाली आणि लग्न लागलं. नवरदेवाचा मामा म्हणून आणि नवरीचा बाप म्हणूनही सरांनाच इकडून तिकडं पळावं लागलं. अक्का नवं लुगडं नेसून मांडवात येईल त्याला सांगत होती, “माझ्या भावानं शास्त्र बघून दिलीय मुलगी.”

कॉलेजात मात्र सरांची पार शोभा झाली. ‘नात्यात लग्न नको’ म्हणून घसा कोरडा करणाऱ्या माणसानं स्वतःची मुलगी सख्ख्या बहिणीच्या घरात दिली! रसायनशास्त्राचे प्राध्यापक चहाच्या वेळी म्हणाले, “काय हत्तुरे, वाटाणे शेवटी घरच्याच पातेल्यात शिजले म्हणायचे!” फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’ सरांनी ते स्वतः पुसलं. कुणी लिहिलं म्हणून विचारलंही नाही. उभ्या जन्मात ज्या एका वेळेला त्यांनी शास्त्राला धरून अगदी बिनचूक निर्णय घेतला, त्याच वेळी सगळं गाव त्यांना ढोंगी म्हणत होतं. आणि सुटायला एकच वाक्य पुरेसं होतं.

जून आला. पहिल्या वर्षाचा नवा वर्ग. जिभा निघाल्या, पन्हळी झाल्या. सरांनी आपली जीभ दाखवली. “वडिलांची वळत नव्हती. आईची नाही. बहिणीची नाही. मग ही आली कुठून?” जुन्या पोरांनी पाठातलं उत्तर दिलं, “म्युटेशन, सर!” सरांनी शाब्बास म्हटलं, पण छाती काढली नाही. वर्गाकडे पाठ करून ते फळ्यावर वंशवृक्ष काढायला लागले. वर चौकोन-गोल, वीरभद्रप्पा आणि त्यांची बायको. खाली एक गोल, एक चौकोन. त्यांच्या खाली दुहेरी रेघेनं जोडलेलं जोडपं.

मागच्या बाकावरून एक पोरगं उभं राहिलं. तोंडावर हसू मावत नव्हतं. “सर, हे तुमचंच घर म्हणतात. खरं का?”

“खरं आहे.”

“मग तुम्ही का केलं, सर?”

“चूक केली. माझं बघू नका, फळ्यावरचं बघा. तुम्ही करू नका.”

वर्गात खसखस पिकली. पुढच्या बाकावर बसलेल्या एका मुलीला सरांची कीव आली असावी. ती उठून म्हणाली, “सर, पण बहीण सख्खी असली तरच धोका ना? मानलेली असली तर काहीच नाही. तुमची बहीण सख्खी आहे का, सर?”

खडू सरांच्या हातात होता. वरच्या जोडप्यापासून खालच्या चौकोनापर्यंतची रेघ अजून काढायची राहिली होती.

“सख्खी,” सर म्हणाले. “रक्ताची.” आणि लाकडी पट्टी फळ्याला लावून त्यांनी ती रेघ वरपासून खालपर्यंत ओढली, सरळ आणि अखंड.